मोहोळाखालचा मांडव

चुलीत लाकूड सरकवण्याआधी मोठी आई ते अंगणातल्या दगडावर आपटायची. एकदा आपटायची, कान लावून ऐकायची, उलटं करून पुन्हा आपटायची. मग लाकडाशी बोलायची, "निंघा बाप्पा, चूल पेटून राह्यली." लाकडातून मुंग्या, वाळवी, एखादा भुंगेरा, कधी विंचूसुद्धा बाहेर पडायचा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती तशीच थांबायची. इकडे परातीतलं पीठ वाळून जायचं, मोठे बाबा पाटावर बसून घसा खाकरायचे, आणि भाकरीचा पत्ता नसायचा.

मुंग्यांना साखर घालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा कुठेतरी वर हिशेब चाललेला असतो. मोठ्या आईला पुण्य वगैरे सुचायचं नाही. कोणाच्या घराला आग लावायची तर आधी सांगायला नको का, इतकंच तिचं म्हणणं असे, आणि ते तिला इतकं साधं वाटायचं की कोणी हसलं तर ती त्याच्याकडे काळजीने पाहायची.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या वर्धा जिल्ह्यात थोरल्या काकाला मोठे बाबा आणि काकूला मोठी आई म्हणतात, आणि माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. वडील हिंगणघाटला कचेरीत कारकून. तान्ह्या पोरीला घेऊन ते तिथं काय करणार? त्यांनी मला वडनेरजवळच्या आमच्या गावी आणून मोठ्या आईच्या ओटीत ठेवलं. तिला मूल नव्हतं. पुढं कोणी त्याबद्दल हळहळलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि कामाला लागायची.

अंगानं ठेंगणी, रंगानं सावळी, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं आणि कानावर निंबाची काडी. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनाट मोह होता, तो तिच्या सासऱ्यांनी लावलेला. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या मोहाजवळून जाताना ती डोक्यावर पदर घ्यायची आणि आवाज खाली आणायची. डोक्यावर टोपलं, कमरेवर घागर असं असलं तरी एक हात मोकळा करून पदर पुढं ओढायचीच. एकदा मी विचारलं की झाडाला काय दिसतंय. ती म्हणाली की त्यांना दिसो न दिसो, सुनेला तर कळते ना कोणापुढून चाललो ते.

एका उन्हाळ्यात वखर चालू असताना वखराच्या वाटेत टिटवीची अंडी निघाली. मातीच्याच रंगाची, ढेकळांत चटकन दिसतही नव्हती. मोठी आई डोक्यावर शिदोरी घेऊन येत होती, ती तशीच बैलांपुढे जाऊन उभी राहिली. बैल थांबले. बैल तिचं नेहमीच ऐकायचे, मोठ्या बाबांचं कधीमधी. पेरणीचा मिरुग तोंडावर आलाय, असं मोठे बाबा कावून सांगत होते. तिनं शिदोरी खाली ठेवली, अंड्यांपाशी तुराटीची काडी रोवली, काडीला चिंधी बांधली आणि वखराला वळसा घ्यायला लावला. पुढे सवयीनं पेरणीही त्या जागी तशीच वळली. त्या वर्षी आमच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, तासं सरळ येत येत एका ठिकाणी वाकली होती. रस्त्यानं जाणारे लोक मोठ्या बाबांना विचारायचे की पेरताना डुलकी लागली होती काय. ते हो म्हणायचे. बायकोचं नाव सांगण्यापेक्षा डुलकी बरी.

ती साऱ्यांशीच गोड होती असं मात्र समजू नका. माणसांवर ती चांगलीच तापायची. दिवेलागणीनंतर कोणी काढ्यासाठी तुळशीची पानं मागायला आलं तर दारातूनच परत पाठवायची, की झोपली ती, सकाळी या. कच्ची बोरं झोडपणाऱ्या पोरांच्या मागे ती नाल्यापर्यंत धावल्याचं मी पाहिलं आहे. शेजारणीनं एकदा पारावरच्या पिंपळाखाली उकळतं पाणी ओतलं, तर तिच्याशी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बोलणं बंद. माणसाला तोंड आहे, तो आपलं पाहून घेईल, असा तिचा एकंदर हिशेब होता.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की माझ्या लग्नात काय झालं ते तुम्हाला नीट कळावं.

हिंगणघाटला वडिलांकडे राहून मी मॅट्रिक झाले आणि मला पवनारकडचं स्थळ आलं. मुलगा वर्ध्याच्या शाळेत मास्तर. त्याचे वडीलही मास्तरकी करून निवृत्त झालेले, अंगात स्वतः कातलेल्या सुताचा सदरा, बोलणं मोजकं. मुलगी पाहायला आले तेव्हा पोहे खाता खाता ते म्हणाले, "मुलीला पुढे शिकायचं असेल तर शिकू द्या. शिक्षिकेचं ट्रेनिंग वर्ध्यातच होतं, आमच्याकडे राहून करील." मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, ती उभीच राहिले. ट्रेनिंगची इच्छा मी तोवर वडिलांनाही सांगितली नव्हती. हे स्थळ मोडलं असतं तर दुसरं मिळालं असतं, पण ते वाक्य पुन्हा कोणाच्या तोंडून आलं नसतं. मला तेच घर हवं होतं, आणि फार हवं होतं.

लग्न वैशाखात, गावी, आमच्या अंगणात ठरलं. आणि फाल्गुनात, पळस फुलले तेव्हा, अंगणातल्या चिंचेवर आग्यामोहोळ येऊन बसलं.

आग्यामोहोळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. हे घरातल्या कोनाड्यात बसणारं गरीब पोळं नव्हे. चिंचेच्या आडव्या फांदीला आधी सुपाएवढं काळं काहीतरी लटकलं, मग ते सुपाहून मोठं झालं. मधूनच त्याच्यावरून एक थरथर वरून खाली जायची आणि अंगावर काटा यायचा. या माशा चिडल्या तर गुरंसुद्धा दावी तोडून पळतात. आणि फांदी बरोबर अंगणावर आलेली. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला उकिरडा. मांडवाला दुसरी जागाच नव्हती.

मोठ्या बाबांनी शेजारच्या गावाहून मोहोळ जाळणारा माणूस बोलावला. तो संध्याकाळी लांब बांबू आणि घासलेटात भिजवलेल्या चिंध्या घेऊन आला. मोठ्या आईनं त्याला चहा दिला, गूळ-दाणे दिले, त्याच्या लेकराबाळांची चौकशी केली, आणि मग चिंचेखाली जाऊन बसली. उठेचना.

"त्यायचे लेकरं हायेत त्याच्यात," ती म्हणाली. "मिरगाच्या आधी त्या आपल्या मनानं जातीन. जाळाची गरज नाई."

"अन् खाली वऱ्हाड बसलं अन् उठल्या त?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"नाई उठत. मी पाहतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'पाहतो', 'करतो' असंच बोलतात, आणि मोठी आई 'मी पाहतो' म्हणाली की विषय संपायचा. तो माणूस चहा पिऊन बांबू खांद्यावर टाकून निघून गेला. मोठे बाबा मात्र त्या दिवशी खरोखर भडकले. पोरीचं लग्न मोडलं तर मला तोंड दाखवू नको, असं ते साऱ्यांदेखत म्हणाले. एवढं कडू ते तिला कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर धुणं धूत होते, तिथं ती आली. बराच वेळ माझ्याबरोबर पिळत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुले भेव वाटते का? तुह्यं लगन हाय. तू म्हनशीन त मीच जातो अन् त्या मानसाले घेऊन येतो."

तिच्या हातात माझं पातळ होतं आणि ती ते पिळायची विसरली होती. मला भीती वाटत होती. वऱ्हाड पळत सुटलंय, सासरे पाठ फिरवून चाललेत, असं मला जागेपणीच दिसत होतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून 'जाळून टाक' म्हणणं मला जमलं नाही. मी म्हणाले, राहू दे.

मग तिनं अटी घातल्या. वाजंत्री नाही, फटाके नाहीत. अत्तर आणि गुलाबपाणी नाही, कारण तिखट वासानं माशा चवताळतात. धूप नाही. स्वयंपाकाच्या चुली पार मागे, वावरात, वारा धूर पलीकडे नेईल अशा. आणि गॅसबत्ती पेटायच्या आत वऱ्हाड मार्गी लागलं पाहिजे, कारण दिव्यावर त्या झेप घेतात. हे सगळं वरपक्षाला कळवायला वडील स्वतः पवनारकडे गेले.

आता वडील कारकून माणूस. कारण न देता अटी सांगायची त्यांना कचेरीतली सवय. लग्नासारख्या गोष्टीत मोहोळाचं नाव काढायची त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी नुसत्या अटी सांगितल्या: वाजंत्री नको, आतषबाजी नको, अत्तर नको, दिवसाउजेडी साधेपणानं उरकावं. ऐकता ऐकता माझे सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी वडिलांचे दोन्ही हात धरले. साधी लग्नं करा म्हणून ते गावोगाव सांगत हिंडले होते. सगळे माना डोलवायचे आणि बँड लावायचे. आणि इथं मुलीकडचा माणूस आपणहून मागणं घेऊन आला होता. त्या वर्षांत पवनारच्या आसपास माणसं सूतकताई आणि साधेपणा यांतच वाढत होती. वाजंत्री नको म्हटलं की त्यांना तत्त्वच आठवायचं. मधमाशा कोणाला आठवणार?

वडील परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. ओसरीवर बसून म्हणाले की आता आपण तत्त्वाची माणसं झालो.

घरात एकच धांदल उडाली. मोठ्या बाबांनी हौसेनं घेतलेला जरीचा फेटा पेटीत परत गेला. वडनेरच्या बाजारातून खादीच्या टोप्या आणल्या गेल्या, त्यातली एक मोठ्या बाबांना इतकी सैल होती की मान हलवली तरी टोपी समोरच पाहत राहायची. मोठी आई एकटी म्हणत होती की खरं काय ते सांगून टाका. तिला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. आधी मोहोळ, वर फसवणूक. कळलं तर तो तत्त्वाचा माणूस मांडवातून उठून जाईल, असं मोठ्या बाबांचं म्हणणं होतं, आणि मलाही ते पटत होतं. मी रोज चिंचेकडे पाहायचे आणि रोज मला ट्रेनिंगची शाळा दिसायची, दार लावलेली.

मांडवाच्या आदल्या दिवशी डहाळे आणायला बैलबंडी निघाली. मांडवावर जांभळीच्या हिरव्या फांद्या घालतात. मोठी आई बंडीत बसून गेली, कारण घरटं नसलेली फांदी कोणती ते पुरुषांना दिसत नाही असा तिचा अनुभव होता. बंडी उशिरा आली, पण मांडव असा दाट झाला की आत बसल्यावर वरचं काही दिसेना. मोहोळ झाकलं गेलं. नुसता आवाज उरला.

वऱ्हाड वेळेवर आलं. तत्त्वाच्या माणसांचा हा एक गुण. आमचे गाववाले आधीच समजावलेले, त्यामुळे सगळे कुजबुजत होते. पोरांना ताकीद होती. भटजींना हळू म्हणा सांगितलं, तर आपल्या आवाजात काही खोट आहे असं वाटून ते हिरमुसले. बायकांच्या जोडव्यांचा आवाज ऐकू यावा इतकं शांत लग्न आमच्या गावानं आधी पाहिलं नव्हतं. वरपक्षातल्या एकानं विचारलं की ही घरघर कसली. मोठे बाबा म्हणाले, पिठाची गिरणी. आमच्या गावात तेव्हा गिरणी नव्हती.

अंतरपाट धरला गेला. मी पाटावर उभी, मागे मोठी आई, तिचा हात माझ्या पाठीवर. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि नवरदेवाच्या मामांनी खिशातून चांदीची अत्तरदाणी काढली.

मामा नागपूरचे, रेशमी कोटातले. हे असलं मुकं लग्न त्यांना मुळीच पसंत नव्हतं. भाच्याच्या लग्नात निदान अत्तर तरी लागावं, म्हणून त्यांनी ते आपलं आपण आणलं होतं, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या मनगटांना ते लावायला लागले. हिन्याचा वास माझ्यापर्यंत आला. डोक्यावरचा आवाज बदलला. तुम्ही तो ऐकला असता तर तुम्हालाही कळलं असतं. घरघर होती ती जाड झाली.

माझ्या पाठीवरचा हात निघाला.

पुढचं मला नंतर कळलं. ती मामांपाशी गेली आणि हळूच म्हणाली की मामाजी, मलेच द्या ना सारं, आमच्या खेड्यात कोठी भेटते असं अत्तर. मामा खूश झाले. या घरात एक तरी रसिक निघालं, असं त्यांना वाटलं असणार. तिनं अत्तरदाणी घेतली, सगळी आपल्या पदरावर ओतली, ओल्या फडक्यानं म्हाताऱ्यांची मनगटं पुसली, ते फडकंही पदरात गुंडाळलं आणि चालू लागली. धावली नाही. मला अंतरपाटाखालून फक्त तिचे पाय दिसले, गोठ्याकडे जाणारे. पानांतून उतरलेल्या माशा त्या वासामागे गेल्या.

वावरातल्या विहिरीशेजारी गुरांना पाणी पाजायचा हौद होता. ती त्यात उतरून बसली, डोक्यावर ओलं पोतं घेऊन. सावधान झालं, अक्षता पडल्या, माळा घातल्या. जिनं मला अंगाखांद्यावर वाढवलं तिनं माझं लग्न पाहिलं नाही.

जेवणं झाली. सासऱ्यांनी दोनदा विचारलं की थोरल्या विहीणबाई कुठे आहेत. मोठ्या बाबांनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. उन्हं कलली, पाठवणीची वेळ आली, आणि ती गोठ्याच्या दारातून आली. लुगडं अंगाला चिकटलेलं, एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ सुजून वर आलेला. साऱ्या बायका एकदम उठल्या. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. डोक्यावर पदर घेऊन ती सरळ माझ्या सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"इवाईबुवा, तुमाले एक सांगाचं हाय," ती म्हणाली. सुजलेल्या ओठामुळे शब्द जड येत होते. "आमी काई तत्त्वाचे मानसं नाई. मांडवाच्या भाईर या अन् वर पाहा."

मोठ्या बाबांनी डोळे मिटून घेतले. वडील खांबाला धरून उभे होते. सासरे बाहेर गेले आणि त्यांनी वर पाहिलं. किती वेळ पाहत होते ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, संपलं. शालूच्या पदराची गाठ हातात घट्ट धरून मी उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, की आता हे मागे वळतील आणि मुलाला म्हणतील, चल.

ते परत आले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आम्ही याच्याखाली जेवलो?"

"हो जी."

"आधी सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमी आले असते?"

ते विचार करू लागले. हा माणूस खोटं बोलत नसे, हे मला पुढे संसारात पुष्कळदा कळलं. काही वेळा नको तितकं कळलं. ते म्हणाले, "नसतो आलो." मग त्यांनी तिच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं. "आणि या मुलीला तुम्हीच वाढवलंत?"

"हो जी."

"मग काही चिंता नाही," ते म्हणाले. आणि वळून वऱ्हाडाला सांगितलं की सगळ्यांनी उठा, पण हळू, आणि कोणी चकार शब्द बोलू नका.

असं आमचं वऱ्हाड निघालं, चपला हातात घेऊन, चवड्यांवर. सगळ्यांत पुढे मामा होते. त्यांच्या कोटाला अजून हिन्याचा वास येत होता, आणि ते कोणासाठीही थांबायला तयार नव्हते.

मला जे हवं होतं ते मिळालं. ट्रेनिंग झालं, वर्ध्यात मुलींच्या शाळेत नोकरी लागली, आयुष्यभर शिकवलं. सासरे पुढेही साध्या लग्नांवर बोलत राहिले, फक्त आमचं उदाहरण देणं त्यांनी बंद केलं. उन्हाळ्यात मात्र ते आवर्जून मोठ्या आईला भेटायला जायचे. दोघं चिंचेखाली बसून काय बोलायचे कोण जाणे. तो बोलका माणूस नव्हता आणि तिला माणसांशी बोलायला फारसं सुचत नसे. पण परत आले की ते आमच्या परसात एखादं रोप लावायचे आणि त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहायचे.

पन्नासाचं दशक सरता सरता, कापूस फुटायच्या दिवसांत, ती गेली. तापाचं निमित्त झालं. निरोप मिळून मी बसनं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वावरात पांढरं फुटलेलं होतं आणि वेचायला कोणी गेलं नव्हतं. मोठे बाबा ओसरीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, "आता मले कोन थांबवन?" आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. आई गेल्याचं दुःख मला आठवत नाही, इतकी मी लहान होते. ते सगळं मला त्या दिवशी एकदम कळलं.

पण ती आठवते तेव्हा मला ती ओसरी दिसत नाही. मला लग्नानंतरचा पहिला श्रावण दिसतो.

नागपंचमीला मी माहेरी आले होते. तिचा डोळा बरा झाला होता. मोहोळ मिरगाच्या आधीच, तिनं सांगितल्याप्रमाणे, आपलं आपण उठून गेलं होतं. आमचे हे मला न्यायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला आणि मोठ्या आईनं मला ट्रंकेतून शालू काढायला सांगितला. मी विचारलं, काऊन, आता कशाला? ती म्हणाली, "माह्यं पाहाचं राहून गेलं ना."

अंगणात दोन पाट मांडले होते. धुणं वाळत घालायची दोरी खाली ओढून तिच्यावर तिनं आपलं लुगडं टाकलं होतं, तो अंतरपाट. ह्यांना पाटावर उभं केलं. मास्तर माणूस, लाजेनं मान वर करीना. मोठ्या बाबांनी घरातून जरीचा फेटा बांधून आणि हातात घासलेटचा रिकामा डबा घेऊन प्रवेश केला. पेटीतून तो फेटा तोवर निघाला नव्हता. मंगलाष्टकं कोणालाच येत नव्हती. मोठी आई म्हणाली की तेवढं शेवटचं मले येते, आणि तिनं जन्मात कधी काढला नसेल असा आवाज काढला.

"शुभमंगल सावधान."

गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. मोठे बाबा डबा बडवायला लागले. तिनं दोरीवरचं लुगडं ओढून काढलं आणि समोर आम्ही दोघं उभे दिसलो, तशी ती हसली, तोंडावर पदर न घेता, अगदी मोकळी. सुपात ज्वारी होती. तिनं ओंजळ भरून आमच्यावर टाकली, पुन्हा भरली, पुन्हा टाकली. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि पाहायला लागले. ती ओरडली, "पाहा बाप्पा, माह्या पोरीचं लगन लागून राह्यलं." आणि पुन्हा एकदा सावधान म्हणाली. मोठ्या बाबांचा डबा थांबेना. माझ्या केसांत, ह्यांच्या सदऱ्यात, पाटाभोवतीच्या चिखलात, सगळीकडे ज्वारी. सुपातली संपली तेव्हा ती आत गेली आणि सूप भरून आणखी घेऊन आली.